महिन्यातले दोन रविवार

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी ख्रिस्ती घरातली, पुण्यातल्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, वय २९. घर नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यात. तिथे आई-वडील, धाकटा भाऊ आणि ऐंशी पार केलेली आजी. आजी पडवीत घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता खाटेवर आहे. हिला महिन्यातून दोनच रविवार ऑफ मिळतो आणि सध्या ती ते दोन्ही गावी घालवते. पुण्यातल्या तिच्या प्रार्थना गटाच्या पुढाऱ्यांनी त्यावरून टोकलं: जो आईबापावर माझ्याहून अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही, हे प्रभूचं म्हणणं विसरलीस का? शाळेपासूनची मैत्रीण हिंदू आहे. तिच्याकडे दिवाळीच्या फराळाला गेली, तर विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड होऊ नका हे वचन ऐकवलं गेलं. शेवटी ती स्वतःच कबूल करते की मोबाईलवर रोजचं वचन येतं, ती वाचते, पण ड्युटीला पोचेपर्यंत काय वाचलं ते आठवत नाही. "कुटुंब, मैत्री आणि देवाचं वचन, यांचा क्रम कसा लावू?" असं तिने विचारलं आहे.

बाळ, मी ३४ वर्षं पाळक, म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा पास्टर, होतो, त्यातली बहुतेक नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांत गेली. तुझ्या वडिलांच्याही वरच्या वयाचा आहे, म्हणून अरेतुरे करतो.

आधी आजीचं. दोन्ही रविवार गावी जा. खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय बघायचं, वॉकर कधी हातात द्यायचा, हे तुमच्या घरात फक्त तुला कळतं. रविवारची उपासना गावातही होते. सकाळी तिथे जाऊन बस आणि दुपारी आजीचं अंग पूस. ती उपासना चुकवणं नव्हे.

आता वचनांकडे येऊ, कारण तुला टोचलंय ते तिथेच.

बायबलात मार्क ७ काढ. परूशी, म्हणजे त्या काळचे कर्मठ धर्मपंथी, येशूच्या शिष्यांना हात न धुता जेवण्यावरून बोल लावतात, तेव्हा येशू त्यांच्यावर उलट एक प्रकरण टाकतो. तुमच्यातला एखादा आईबापाला म्हणतो, माझ्याकडून तुम्हाला जे मिळायचं ते 'कुर्बान' आहे, म्हणजे देवाला अर्पण झालं आहे. मग तुम्ही त्याला आईबापासाठी काहीच करू देत नाही. असं करून तुम्ही देवाचं वचन रद्द करता. किती कडक शब्द आहे बघ: रद्द. देवाचं नाव पुढे करून घरच्या माणसाला वाऱ्यावर सोडलं, तर त्याला भक्ती म्हणायला येशू तयार नाही. कुर्बान फक्त पैशाचंच असतं असं नाही, रविवारचंही असू शकतं. प्रेषित पौलाने आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, लिहिलंय तेही असंच आहे: जो स्वतःच्या घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्याहून वाईट (१ तीमथ्य ५:८). हे वचन कॅलेंडरवर छापलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

पण तुझ्या पुढाऱ्यांनी सांगितलेलं वचनही खोटं नाही, ते टाळून चालणार नाही. मत्तय १०:३७ तसंच आहे आणि लूक १४:२६ तर त्याहून अवघड: तिथे आईबाप, बायकोमुलं, भाऊबहिणी यांचा 'द्वेष' करण्याची भाषा आहे. इब्री, म्हणजे हिब्रू, बोलण्याची ही ढब उत्पत्ती २९ मध्ये सापडते. याकोबाने आपल्या दोन बायकांपैकी लेआपेक्षा राहेलवर अधिक प्रीती केली, असं तिसाव्या ओवीत आहे आणि लगेच पुढच्या ओवीत लेआ नावडती होती, असं. म्हणजे 'कमी प्रीती' हे त्या भाषेत असं टोकाच्या शब्दाने सांगतात. मत्तयाने तोच अर्थ 'माझ्यापेक्षा अधिक' असा उलगडून लिहिला. येशू इथे विचारतोय की निवड करायचीच वेळ आली तर कोणाचं ऐकशील.

आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत ही वेळ खरोखर आली होती. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत झाला आणि त्या दिवसापासून घर दुभंगलं. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई आणि ते काही वर्षं वेगळे राहिले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९००चा. त्या पिढीला लूक १४ वाचताना काय होत असेल याची कल्पना करून बघ. आईबाप तोंड बघत नव्हते, पाणवठा तुटला होता. त्यांनी ते वचन अंगावर झेललं. तुझी आजी तुला प्रभूपासून ओढून नेत नाहीये. ती खाटेवर पडून 'पोरगी कधी येते' म्हणून दाराकडे बघतेय. तिथे हे वचन लावायचं म्हणजे दुसऱ्याच्या तापाचं औषध निरोग्याला पाजण्यासारखं आहे आणि हे नर्सबाईला मी काय सांगू.

आणि क्रम लावायचाच तर मी तुला एक साधा प्रश्न विचारतो. शास्त्र, म्हणजे आपलं बायबल, तुझ्यापर्यंत आलं कुणाकडून? माझा अंदाज आहे, याच आजीकडून. चुलीपुढे बसून दहा आज्ञा पाठ करून घेणारी, 'उपासना संगीता'तली निम्मी गीतं पुस्तक न उघडता म्हणणारी आजी आपल्या बहुतेक घरांत होती. पौल तीमथ्याला दुसरं पत्र लिहितो त्यात पहिल्याच अध्यायात तो आजीचं नाव घेतो, लोईस, आणि मग आईचं, युनीके. तीमथ्याचा बाप हेल्लेणी, म्हणजे ग्रीक, होता, हे प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये येतं. त्या घरात शास्त्र आलं ते बायकांच्या हातून. पुढे तिसऱ्या अध्यायात पौल म्हणतो, बालपणापासून तुला पवित्र शास्त्र ठाऊक आहे, आणि ते कोणापासून शिकलास तेही तुला ठाऊक आहे. शास्त्र आणि ज्यांच्याकडून ते शिकला ती माणसं, ही दोन्ही तो एका दमात सांगतो. म्हणून तुझ्या तीन गोष्टींना मी एक, दोन, तीन असे आकडे घालणार नाही. आजीला खाली ठेवून शास्त्र वर ठेवशील, तर शास्त्र ज्या हातांनी आलं त्यांनाच झटकशील.

कौटुंबिक उपासनेबद्दल तू लिहिलंस की तुझे वडील रोज रात्री ८ वाजता फोन लावून तुलाही तिच्यात बसवतात आणि तुला कंटाळा येतो. येणारच. बहुतेक घरांत ती उपासना नसते, वडिलांचं भाषण असतं. वर प्रार्थनेतून टोमणे: "हे प्रभू, या घरातल्या काहींना मोबाईल बाजूला ठेवायची बुद्धी दे." पोरं डोळे मिटून दात खातात. मी स्वतः हे पाप केलेलं आहे. माझी बायको एकदा म्हणाली, "तुम्ही देवाशी बोलत होता की आमच्याशी? आमच्याशी असेल तर डोळे उघडून बोला." त्या दिवसापासून आमच्याकडे नियम झाला: एक उतारा, दहाबारा ओव्यांचा, रोज वेगळ्याने वाचायचा. वाचून झाल्यावर एक मिनिट गप्प. मग ज्याला काही विचारायचं असेल त्याने विचारायचं, उत्तर न आल्यास तसंच ठेवायचं. प्रार्थना दोनतीन वाक्यांची आणि दुसऱ्या कोणासाठी तरी. सगळं मिळून १२ ते १५ मिनिटं. नाइट ड्युटी असेल तेव्हा वडिलांना सरळ सांग की आज जमणार नाही. बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात वचनाबद्दल बोलायच्या जागा दिल्यात त्या घरी बसणं, वाटेने चालणं, निजणं आणि उठणं या आहेत. आठचा ठोका त्यात नाही.

आता मैत्रिणीचं.

विजोड होण्याचं वचन २ करिंथ ६:१४चं. त्याच्या मागे अनुवाद २२:१० आहे: बैल आणि गाढव एका जुवाला जुंपून नांगरू नकोस. तू शेतकऱ्याची मुलगी आहेस, हे चित्र तुला पुण्याच्या पोरांपेक्षा लवकर कळेल. जू मानेवर असतं, ते काढून बाजूला होता येत नाही; एकाची चाल दुसऱ्याला ओढते. लग्नाचा विषय निघाला तर हेच वचन मी तुझ्यापुढे पुन्हा ठेवीन, आणि तेव्हा तू कुरकुर केलीस तरी चालेल. पण फराळाचं ताट म्हणजे जू नव्हे. त्याच करिंथकरांना पौलाने आधीच्या पत्रात लिहिलंय की जगातल्या माणसांशी संबंधच ठेवू नका असं मी म्हटलं नव्हतं, तसं म्हटलं तर तुम्हाला जगातून निघून जावं लागेल (१ करिंथ ५:१०). आणि दहाव्या अध्यायात: विश्वास न ठेवणाऱ्यांपैकी कोणी जेवायला बोलावलं आणि तुम्हाला जावंसं वाटलं, तर पुढे वाढलेलं खा, चौकशा करत बसू नका. हे नैवेद्याचं आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं तर मात्र खाऊ नका, तेही त्या माणसाच्या विवेकासाठी. चकल्या-करंज्यांसाठी एवढं मार्गदर्शन पुरेसं आहे. प्रसाद हातात आला तर प्रेमाने, आवाज न चढवता नाही म्हणता येतं. इतक्या वर्षांची मैत्रीण असेल तर तिला कारण विचारावंही लागणार नाही.

तुझ्या पत्रात एक ओळ तू सहज लिहून गेलीस. आजी पडली त्या रात्री मैत्रिणीच्या भावाने जीप काढली, गोधडीची चार टोकं चौघांनी धरली आणि आजीला नगरला पोचवली. ते वाचून मी चष्मा काढून ठेवला. मार्क २ मध्ये कफर्णहूमातले चौघे हेच करतात. गर्दीमुळे दारातून वाट नाही, म्हणून ते छप्पर उकरतात. धाब्याचं घर ज्याने पाहिलंय त्याला हे लगेच दिसतं: तुळया, त्यांवर काटक्या, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. ते उकरताना खाली बसलेल्यांच्या डोक्यावर किती माती पडली असेल! आणि मग ती ओवी येते: येशूने 'त्यांचा' विश्वास पाहून त्या पक्षाघाती माणसाला क्षमा केली. त्यांचा, म्हणजे उचलून आणणाऱ्यांचाही. ते चौघे कोण, कोणत्या कुळाचे, शब्बाथाला सभास्थानात जात की नाही, मार्काने काही लिहिलं नाही. तुझ्या गटातल्यांना हे ऐकव आणि विचार, मैत्रिणीच्या भावाला आपण कोणत्या वचनाने दूर ठेवायचं?

तुझे वडील आणि मैत्रिणीचे वडील यांचीही दोस्ती आहे असं लिहिलंस. ते वारीला गेले की तुमच्याकडून त्यांच्या गुरांना वैरण-पाणी होतं. नीतिसूत्रे २७:१० शोध. आपला मित्र आणि आपल्या बापाचा मित्र यांना सोडू नकोस, असं तिथे आहे. दूरच्या भावापेक्षा जवळचा शेजारी बरा, असंही. बापाचा मित्र! मैत्री वारसाहक्काने मिळते आणि ती सांभाळायची असते, असं मला तरी यातून कळतं. त्याच अध्यायात चार ओव्या पुढे आणखी एक गंमत आहे: पहाटे उठून मोठ्याने शेजाऱ्याला आशीर्वाद देणारा त्याला शाप देतो असंच समजलं जाईल. सकाळी पाचला ग्रुपवर फुलांच्या चित्रावर वचन टाकणाऱ्या आपल्या बंधुभगिनींना ही ओवी मी कधीतरी पाठवणार आहे.

टिळकांचं वर सांगितलं, त्याची दुसरी बाजूही सांगतो. ज्या घराने धर्मासाठी एवढी ताटातूट सोसली, त्याच नगरच्या घरात पुढे बालकवी ठोंबरे येऊन राहिले. ते ख्रिस्ती नव्हते, झालेही नाहीत. लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या पोरासारखं सांभाळलं. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली ते गेले, तेव्हा वय अवघं २७. पुढच्याच वर्षी टिळक गेले. ख्रिस्तासाठी घर सोडलेला माणूस दुसऱ्याच्या लेकराला घर देतो, यात मला काही विसंगत वाटत नाही.

मैत्रीबद्दल माझी स्वतःची एक चूक सांगून पुढे जातो. नवा पाळक होतो. मंडळीतल्या एका घरी सहा वर्षांचं पोर विहिरीत पडून गेलं. मी गेलो, शास्त्र उघडलं आणि देवाच्या इच्छेवर बोलू लागलो. चांगलं बोललो, असं मला तेव्हा वाटलं. मी बोलत असताना पोराचा बाप उठला, बाहेर गेला आणि शेळीचं दावं सोडून पुन्हा बांधू लागला. सोडायचा, बांधायचा. मी बोलत राहिलो. त्यानंतर कितीतरी वर्षं तो माणूस उपासनेला येई, पण माझ्याशी नजर मिळवत नसे. ईयोबाचे तिघे मित्र आले तेव्हा सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तेवढं त्यांनी बरोबर केलं. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. पुस्तकाच्या शेवटी देव त्यांना सांगतो की तुम्ही माझ्याविषयी बोललात ते योग्य नव्हतं. आता ईयोब तुमच्यासाठी प्रार्थना करील. वचनांनी भरलेल्या त्यांच्या भाषणांवर हा निकाल आहे. तुझ्या पुढाऱ्यांनी तुला वचनं दिली. त्यांच्यापैकी कोणी आजीची चौकशी केली का? केली नसेल तर रागावू नकोस, गटही सोडू नकोस. मीही त्या वयात तसाच होतो. पुढच्या खेपेला त्यांना आजीसाठी प्रार्थना करायला सांग, नाव घेऊन.

राहिलं तुझं वाचन. मोबाईलवर एकेक ओवी येते, म्हणूनच ती टिकत नाही. एक ओवी म्हणजे पत्रातून फाडलेली एक ओळ. यिर्मया २९:११ सगळ्यांना पाठ असतं, तुमच्या हिताचेच संकल्प माझ्या मनात आहेत असं सांगणारं. ते बाबेलात, म्हणजे बॅबिलोनात, धरून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. त्याच्या आधीच्याच ओवीत सत्तर वर्षं थांबायचं आहे आणि वरती, पाचव्या ओवीपासून, घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, ज्या नगरात नेलं आहे त्याचं हित पाहा, असं आहे. पगारवाढीसाठी ते वचन स्टेटसला ठेवणाऱ्यांनी वरच्या या ओव्या वाचलेल्या नसतात. तेव्हा नियम एवढाच: जी ओवी आवडेल तिच्या वरचं आणि खालचं वाचल्याशिवाय ती कोणाला पाठवायची नाही. स्वतःलाही नाही.

वर्षात सगळं शास्त्र वाचायचा संकल्प सध्या करू नकोस. एकूण ११८९ अध्याय आहेत, रोज तीनहून जास्त पडतात. नाइट ड्युटीवाल्या माणसाचं घोडं लेवीयाच्या पुस्तकात अडतं आणि मग अपराधी वाटत राहतं. त्याऐवजी एक पत्र घे आणि एका बैठकीत वाच, मोठ्याने. मी म्हणेन दुसरे तीमथ्य घे. चार अध्याय, ८३ ओव्या, वीस मिनिटांच्या आत होतं. पौल कैदेत आहे, शेवट जवळ आला आहे हे त्याला कळलंय. आजी-आईपासून सुरू झालेलं ते पत्र शेवटी कुठे येतं बघ. सोबती देमास सोडून गेला. लूक तेवढा जवळ आहे. मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. हा तोच मार्क, ज्याच्यावरून पौल आणि त्याचा सोबती बर्णबा एकमेकांना सोडून गेले होते. त्रोवसात कार्पाकडे माझा झगा राहिलाय तो आण, आणि पुस्तकं, विशेषतः चर्मपत्रं. होईल तितकं करून हिवाळ्यापूर्वी ये. थंडी वाजतेय, मित्र हवा आहे, आणि पुस्तकं हवी आहेत. तिन्ही गोष्टी एकाच निरोपात, आणि कोणती आधी हे त्याने सांगितलेलं नाही.

आपल्या भाषेत हे शास्त्र यावं म्हणून पंडिता रमाबाईंनी इब्री आणि हेल्लेणी शिकून घेतली आणि केडगावला, दौंडजवळच्या, नगरच्या नव्हे, मुक्ती सदनात साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळं बायबल उतरवलं. छापखाना तिथलाच, खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच बायका. १९२१ला त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, १९२२ला त्या स्वतः गेल्या, पूर्ण बायबल १९२४ला निघालं. लेक गेल्यावरही त्या बाईंनी हातातलं काम खाली ठेवलं नाही. तुला वाचायला एखादं पान जड वाटलं की हे आठवत जा. मला तरी उपयोग होतो.

आणि मोठ्याने वाच म्हटलं ते कोणाला ऐकवायचं, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे असं तू लिहिलंयस. म्हणजे कित्येक दिवसांत तिने स्वतः अक्षर वाचलेलं नाही. गावी जाशील तेव्हा मोबाईल नको, घरातलं जुनं शास्त्र काढ, तेच, ज्याच्या पहिल्या पानावर जन्म-बाप्तिस्म्याच्या तारखा लिहिलेल्या असतात. आजीला विचार कुठलं वाचू. माझ्या अनुभवात म्हाताऱ्या बायका बहुधा रूथ सांगतात. सासूसुनेची गोष्ट आहे. चारच अध्याय आहेत, सलग वाच. मध्येच तिचा डोळा लागला तरी थांबू नकोस, थांबलीस की ती जागी होते आणि म्हणते, "पुढं?" मैत्रीण आली असेल तर तिलाही बसू दे. ती गोष्ट परधर्मातून आलेल्या पोरीचीच आहे, तिला कळेल.

वॉकरच्या पायांची रबरं झिजली आहेत का ते बघ. घरी सगळ्यांना सलाम सांग.